पाव, भाकर आणि बाटण्याचे भय

मराठीतील ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. १५१० साली गोवा आणि १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली. त्या काळी कोकणच्या किनाऱ्यावर भात व तांदळाची भाकर हेच नित्याचे अन्न होते. आंबवून भट्टीत भाजलेला गव्हाचा पाव सामान्य घरात कोणाला ठाऊक नव्हता. नवागतांना मात्र त्यावाचून चैन पडेना. आंबवण्यासाठी खमीर हवे, म्हणून गोव्याच्या पोदेरांनी माडाची ताजी सूर वापरली. देशी माडी आणि परदेशी कृती यांच्या संगमातून आपला पाव जन्मला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु शेजाऱ्यांच्या दृष्टीने हे अन्न दुहेरी अपवित्र होते: त्यात मद्य होते आणि त्याला परधर्मीयाचा हात लागलेला होता. यातूनच ती प्रसिद्ध कथा रूढ झाली. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, लोक ते पाणी प्यायले आणि गावेच्या गावे बाटली. उत्तर कोकणातील ख्रिस्ती माणसाने ही कथा कधी चेष्टेत, कधी हेटाळणीच्या सुरात ऐकलेली असते. आपले धर्मांतर जमिनी, राजसत्ता, मिशनऱ्यांचे परिश्रम, सक्ती आणि खरी श्रद्धा या साऱ्यांच्या गुंत्यातून घडले. ते एका तुकड्यात मावणारे नव्हे. तरीही ही कथा निव्वळ भाकड म्हणून झटकून टाकता येत नाही. नकळत गिळलेल्या घोटानेही माणूस जातीबाहेर जातो आणि त्याला परतीची वाट उरत नाही, ही समजूत तीत स्पष्ट दिसते. पाव टाकणारा कोणीही असो, दार आतून लावून घेतले गेले.

आणि दोष एकाच बाजूचा नव्हता, हेही आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात नवख्रिस्ती लोकांच्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली. त्यांत हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवण्याचाही समावेश होता! चिमूटभर मिठावरून श्रद्धेची परीक्षा घेणारे न्यायासन आणि पावाच्या तुकड्यावरून जात हिरावून घेणारी पंचायत यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

पुढे दीडशे वर्षांनी हाच वाद पुण्यात उफाळला. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानिमित्त शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. चहा व बिस्किटे पुढे आली. कोणी प्यायले, कोणी नुसता पेला हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि सुधारकांचे अग्रणी रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. अनुयायांना ते फार लागले. पण बहिष्काराचा अर्थ त्या काळी काय होता हे जाणणाऱ्याने रानड्यांना झटकन भित्रा म्हणू नये. श्राद्धाला भटजी मिळत नसे, मुलीला स्थळ मिळत नसे. शिक्षा नेहमी घरच्यांनाच भोगावी लागे.

ही तटबंदी कोणाच्या व्याख्यानाने ढासळली नाही. मुंबईत गोवेकरांच्या व इराण्यांच्या बेकऱ्या निघाल्या, गिरणीच्या पाळ्यांना चूल पेटवण्याइतकी सवड नव्हती, आणि पाव स्वस्त होता. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकावयास आरंभ केला, असे सांगितले जाते. आज तोच वडापाव महाराष्ट्राचे खास खाद्य म्हणून मिरवतो. विहिरीची कथा सांगणाराही तो आवडीने खातो.

सूर मात्र पावातून बहुतेक नाहीशी झाली. माडावर चढणारे रेंदेर फारसे उरले नाहीत; पोदेर कारखान्याचे यीस्ट वापरतात. पूर्वीची ती आंबूस गोडी आता पावाला राहिली नाही, एवढीच काय ती जुन्या गोवेकरांची तक्रार.