विपळाहून सूक्ष्म विलंब

घटका, पळ आणि विपळ ही आपली जुनी कालमापने. विपळ म्हणजे सेकंदाचे दोन-पंचमांश. नित्याच्या व्यवहारात त्याखाली उतरण्याचे प्रयोजन क्वचितच पडले. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, इतिहास मात्र सेकंदाच्या दशलक्षांशासाठी झगडला आहे.

१९९० च्या दशकात सामान्य संगणकावर या गाभ्याचे घड्याळ सेकंदाला १०० टोले देई. दोन टोल्यांच्या मध्ये एखाद्या कामाला जागे करायचे झाल्यास पुढच्या टोल्याची वाट पाहणे आले. पत्र लिहिणाऱ्याला १० मिलिसेकंदांचा उशीर जाणवत नाही. यंत्रमानवाच्या हाताला तो भोवतो. २००६ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर व इंगो मोल्नार यांच्या खटपटीने सूक्ष्म टायमरांची नवी रचना आली आणि टोल्याचे बंधन सुटण्याचा मार्ग मोकळा झाला.

परंतु घड्याळ सूक्ष्म झाले म्हणून जाग वेळेवर येतेच असे नाही. ग्लाइक्सनरांनीच लिहिलेली ‘सायक्लिकटेस्ट’ ही कसोटी साधी आहे : ठरल्या क्षणी उठायचे, उठताच घड्याळ पाहायचे, दोहोंतील अंतर नोंदवायचे. येथे सरासरीला फारशी किंमत नाही. लाखो खेपांत एकदाच झालेला सर्वांत मोठा उशीर तेवढा महत्त्वाचा. अडचण अशी, की हा आकडा उशीर सांगतो, अपराधी सांगत नाही. गाभ्याच्याच एखाद्या भागाने इंटरप्ट रोखून धरले असतील, प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी गाढ झोपला असेल, किंवा फर्मवेअरने गाभ्याला न कळवताच प्रोसेसर ताब्यात घेतला असेल.

डॅनिएल ब्रिस्टॉट द ऑलिव्हेरा या ब्राझिलियन संशोधकाचे ‘टाइमरलॅट’ हे साधन २०२१ मध्ये लिनक्समध्ये आले. ते विलंबाचे दोन टप्पे वेगळे करते : टायमरचा इंटरप्ट किती उशिरा आला, आणि झोपलेले काम किती उशिरा चालू लागले. मधल्या काळात वाट कोणी अडवली, याचा माग त्यावरून काढता येतो. माझ्यासारख्या व्याकरणाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यांचा प्रबंध अधिक भावतो. गाभ्यात कोणत्या घटनेनंतर कोणती घटना येऊ शकते, याचे नियम त्यांनी ऑटोमॅटाच्या भाषेत मांडले. अशुद्ध वाक्य जसे नियमाशी अडखळते, तसा गाभ्यातील प्रमाद तेथे पकडला जातो.

जून २०२४ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्याच सप्टेंबरात, सुमारे वीस वर्षे मुख्य लिनक्सच्या बाहेर जोपासलेले ‘प्रीएम्प्ट-आरटी’चे काम आत घ्यावे अशी विनंती ग्लाइक्सनरांनी व्हिएन्नात लिनस टोरवाल्ड्स यांच्या हाती दिली, तीही छापून, सोनेरी वेष्टनात. नोव्हेंबरात ६.१२ या आवृत्तीतून ते काम प्रसिद्ध झाले.