महायुद्ध, गिरणी आणि साचेखात्याचे दार

पहिल्या महायुद्धाने मुंबईच्या गिरण्यांची भरभराट केली, असे आपल्या आर्थिक इतिहासात लिहिलेले असते. ते खोटे नाही. लँकेशायरचे कापड यायचे कमी झाले, लष्कराची मागणी वाढली, नवी यंत्रे विलायतेहून येईनात म्हणून जुन्याच चात्या अधिक राबवल्या गेल्या आणि भागधारकांना घसघशीत नफा वाटला गेला. प्रश्न एवढाच, की ही भरभराट कुणाची?

गावाकडे पाहा. धान्य महागले की ज्याच्या कणगीत विकण्याजोगे धान्य आहे त्याचे भले होते. भूमिहीन मजूर आणि बलुत्यावर जगणारा महार-मांग यांच्याकडे विकायला काय होते? हातची ताकद. १९१८ मध्ये पाऊसही दगा देऊन गेला आणि दख्खनच्या कोरडवाहू जिल्ह्यांत दुष्काळ पडला. अशा वेळी माणूस मुंबईची वाट धरतो. मुंबईत तेव्हा इन्फ्लुएंझा होता.

त्या साथीचा एक आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. मुंबईच्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे १९१८ साली या रोगाने हजारी मृत्यू असे झाले: युरोपियन ८.३, पारशी ९, इतर हिंदू १८.९ आणि ज्यांना त्या कागदांनी ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले ते ६१.६. रोगजंतू जात विचारीत नाही, हे खरे; पण खोली, पाणी, अन्न आणि औषध जात विचारूनच मिळत होते. लगेच जानेवारी १९१९ मध्ये महागाईने पिचलेले लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. वर्गलढ्याच्या इतिहासात या संपाला मानाचे पान आहे. त्या गर्दीतला अस्पृश्य कामगार कोणत्या खात्यातून बाहेर आला होता, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

तो रिंगखात्यासारख्या कमी मजुरीच्या खात्यांतून आला होता. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली. तिथे त्याला मज्जाव. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून भोकातून काढावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार! (ही ओढण्याची रीत छातीच्या रोगाला आमंत्रण देणारी होती, ती गोष्ट वेगळी. विटाळाची भीती क्षयाच्या भीतीहून मोठी ठरली.) मालकाला हात हवे होते, साचे धडधडत होते, तरी हे दार उघडले नाही. भांडवलशाही जात आपोआप मोडते म्हणणाऱ्यांनी हा धोटा एकदा हातात घेऊन पाहावा.

दुसरे एक दार युद्धाने उघडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली होती. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती सुरू करण्यासाठी सरकारकडे अर्ज केला, पण उपयोग झाला नाही. १९१७ मध्ये मात्र माणसे कमी पडू लागली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९२१ मध्ये तीच पलटण मोडीत काढली गेली. पेन्शनीवर जगणारी घरे आणि शाळेत जाणारी मुले यांच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे जुन्या लष्करी वस्त्यांतल्या लोकांना सांगावे लागत नव्हते.

साचेखात्याचा प्रश्न १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. तरी दुसरे महायुद्ध उजाडले तेव्हाही त्या खात्यात अस्पृश्य जवळजवळ नव्हतेच. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभारली गेली, ती या वेळी टिकली. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ही कपात रिंगखात्याला आणि साचेखात्याला सारखीच लागू झाली. साचेखात्यात कुणाला घ्यायचे, ते अजून जॉबरच ठरवीत होता.