व्हिपल शस्त्रक्रिया: धागा, पित्त आणि सराव

मंडळी, स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात कर्करोग झाला, तर जी मोठी शस्त्रक्रिया करतात तिला ‘व्हिपल’ म्हणतात. पण ॲलन व्हिपल हे काही पहिले नव्हेत, बरं का. इटलीत कोदिविला यांनी १८९८ मध्ये ती करून पाहिली. रुग्ण काही दिवसांतच गेला. बर्लिनमध्ये काउश यांनी १९०९ मध्ये दोन टप्प्यांत केली. तो रुग्ण नऊ महिने जगला. न्यूयॉर्कच्या व्हिपल यांचा लेख आला १९३५ मध्ये.

मग इतकी वर्षं अडलं कुठे? एक तर धाग्यात. टाक्यांसाठी कॅटगट वापरत, म्हणजे जनावरांच्या आतड्यांपासून केलेला धागा. स्वादुपिंडाचा रस प्रथिनं पचवतो, तो हा धागाही पचवायचा आणि जोड उसवायचे. व्हिपल यांनी रेशीम वापरलं.

दुसरी अडचण काविळीची. गाठीमुळे पित्तनलिका बंद होते, पित्त आतड्यात उतरत नाही. पित्ताशिवाय ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि त्याशिवाय रक्त नीट गोठत नाही. म्हणून आधी पित्ताला वाट करून द्यायची, कावीळ उतरू द्यायची, मग पुन्हा पोट उघडायचं. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत हे जीवनसत्त्व सापडलं आणि एकाच टप्प्यात काम करणं शक्य झालं.

तरीही कित्येक वर्षं अनेक ठिकाणी चारातला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावत असे. १९७० मध्ये जॉर्ज क्राइल या नामांकित सर्जननी तर म्हटलं, कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया सोडूनच द्या! आणि १९९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कॅमेरॉन यांच्या चमूने लागोपाठ १४५ शस्त्रक्रिया एकही मृत्यू न होता केल्याचं प्रसिद्ध केलं.

बदललं काय? पुष्कळशा गोष्टी, पण मुख्य म्हणजे सराव. जिथे या शस्त्रक्रिया वरचेवर होतात, तिथे भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग, नर्सेस, सगळ्यांना धोक्याची खूण लवकर कळते. जोड गळतो तेव्हा जीव वाचतो तो यामुळे.

अर्थात, निदान होतं तेव्हा फार थोड्या रुग्णांना ही शस्त्रक्रिया करता येते, आणि केल्यानंतरही आजार पुष्कळदा परततो. पण घरात कुणावर ही वेळ आलीच, तर डॉक्टरांना एक प्रश्न न संकोचता विचारा: तुमच्याकडे वर्षाला अशा किती होतात?