विल्यम ॲडमचे तीन अहवाल

देशातील शिक्षणाची स्थिती पाहण्यासाठी सरकारने एखाद्या बाहेरच्या जाणकारास मुदतीने नेमावे, त्याने हिंडून आकडे जमवावेत, अहवाल लिहावा आणि आपल्या वाटेने निघून जावे, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा आरंभ कोठे झाला याची चौकशी कोणी करीत नाही. आशिया-आफ्रिकेतील अनेक राष्ट्रांत शिक्षणखात्याच्या आढाव्यासाठी असे सल्लागार आज नेमले जातात. आपल्या देशात या रीतीचा पहिला ठळक प्रयोग १८३५ साली बंगालमध्ये झाला. त्या प्रयोगाची हकीकत मराठी शिक्षकास परकी वाटण्याचे कारण नाही. याच प्रश्नाचा शोध त्याच्या दहाबारा वर्षे आधी मुंबई इलाख्यात निराळ्या रीतीने घेतला गेला होता, आणि बंगालच्या त्या आकड्यांवर पुढे शंभर वर्षांनी जो वाद माजला त्यात एका मराठी संशोधकाचा वाटा मोठा आहे.

ज्याला हे काम मिळाले तो विल्यम ॲडम मूळचा स्कॉटलंडमधील डनफर्मलिनचा. १८१८ साली बॅप्टिस्ट मिशनरी म्हणून तो बंगालमध्ये आला. पुढे राममोहन रॉय यांच्या सहवासात शुभवर्तमानांच्या बंगाली भाषांतराचे काम चालले असता त्याची स्वतःचीच श्रद्धा बदलली आणि १८२१ साली तो एकेश्वरवादी झाला. माणसे बाटवण्यास आलेल्या पाद्र्यालाच हिंदू मित्राने बाटवले, म्हणून कलकत्त्यातील गोऱ्या मंडळींनी त्याला ‘दुसरा पतित ॲडम’ असे नाव ठेवले. मिशन सुटल्यावर त्याने वृत्तपत्राचे संपादन केले. अशा रीतीने हा मनुष्य ना सरकारी नोकर होता, ना आता मिशनचा प्रतिनिधी. बंगाली भाषा आणि बंगाली माणसे मात्र त्याला चांगली परिचित होती. देशी शिक्षणाची पाहणी व्हावी ही सूचनाही त्याचीच. ती त्याने गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक याला लिहून कळवली आणि २० जानेवारी १८३५ च्या टिपणाने बेंटिंकने ती मान्य करून त्यालाच या कामावर नेमले.

येथे वाचकांनी तारखांकडे लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. नेमणूक २० जानेवारीची. मेकॉलेचे ते प्रसिद्ध टिपण २ फेब्रुवारीचे. सरकारचा शिक्षणावरील पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळवणारा बेंटिंकचा ठराव ७ मार्चचा. त्याच मार्च महिन्यात बेंटिंक हिंदुस्थान सोडून गेला. आणि ॲडमच्या पहिल्या अहवालावर तारीख आहे १ जुलै १८३५! म्हणजे वैद्याला नाडी पाहण्यास पाठवले आणि तो रोग्याच्या दारी पोहोचण्यापूर्वीच औषध उगाळून झाले. ज्या धन्याने नेमले तोही तोवर निघून गेलेला. पुढील तीन वर्षांत ॲडमने केलेल्या प्रत्येक श्रमावर या तारखांची छाया पडलेली आहे.

पहिला अहवाल प्रत्यक्ष पाहणीचा नव्हता. उपलब्ध कागदपत्रांतून बंगालच्या देशी शिक्षणाविषयी जे काही हाती लागले, ते त्याने त्यात एकत्र केले. त्यातच ते विधान आहे, ज्याने ॲडमचे नाव शिक्षणाच्या इतिहासात कायमचे वादग्रस्त करून ठेवले: बंगाल आणि बिहार मिळून सुमारे एक लाख देशी शाळा आहेत. हा आकडा त्याने मोजून काढला नव्हता. शिक्षण समितीच्या एका सदस्याने असे म्हटले होते की या प्रांतांतील प्रत्येक ग्रामशाळेस दरमहा एक रुपया देऊ केला तर वर्षाचा खर्च बारा लाखांच्या घरात जाईल. त्यावरून शाळा एक लाख. मग चार कोटी लोकसंख्येला लाखाने भागून दर ४०० माणसांमागे एक शाळा असा हिशेब त्याने केला, आणि इतर मार्गांनीही त्याचा पडताळा घेण्याचा प्रयत्न केला. खर्चाच्या अंदाजातून शाळांची संख्या निघावी हा प्रकार थोडा विनोदीच आहे. पण पुढे पन्नास-शंभर वर्षे शहाण्या माणसांनी तो आकडा कधी डोक्यावर घेतला, कधी पायदळी तुडवला, तो असा उगम न पाहता.

दुसरा अहवाल २३ डिसेंबर १८३५ चा. आमच्या मते ॲडमची खरी योग्यता येथून दिसू लागते. साऱ्या प्रांतावर नजर टाकण्याऐवजी त्याने राजशाही जिल्ह्यातील नाटोर हे एकच ठाणे निवडले आणि त्यातील ४८५ खेड्यांची बारकाईने पाहणी केली. लोकसंख्या १,९५,२९६. प्राथमिक शाळा निघाल्या २७ आणि त्यांत विद्यार्थी २६२. दहा शाळा बंगालीच्या, चार फारशीच्या, अकरा कुराणपठणाच्या अरबी, आणि दोन ठिकाणी बंगाली व फारशी दोन्ही. पहिल्या अहवालाच्या हिशेबाप्रमाणे या ठाण्यात सुमारे ४८८ शाळा हव्या होत्या. दुसरा कोणी असता तर आपलाच आकडा खोटा ठरतो आहे असे पाहून गडबडला असता. ॲडमने २७ म्हणजे २७ असे सरळ लिहून दिले, आणि मग पुढचा प्रश्न विचारला: ज्या घरांतील मुले शाळेत जात नाहीत ती कोठे शिकतात? उत्तर मिळाले की २३८ खेड्यांतील १,५८८ कुटुंबांत मुलांना घरीच लिहिणे-वाचणे शिकवले जात होते. शाळेत शिकणाऱ्यांच्या मानाने घरी शिकणारी मुले जवळजवळ नऊपट भरली. कार्यालयात बसून शाळांची यादी मागवणाऱ्यास ही गोष्ट कधीही कळली नसती. याखेरीज ३८ संस्कृत पाठशाळा, आणि त्यांत ३९७ विद्यार्थी. मुलींचे शिक्षण जवळजवळ शून्य, कारण लिहिणे शिकलेली मुलगी लवकर विधवा होते अशी त्या भागातील घरोघरची समजूत त्याने नोंदवली आहे.

त्याने वर्णिलेली ग्रामशाळाही आपल्या ओळखीची वाटते. आधी बोरूएवढ्या काडीने भुईवर किंवा वाळूच्या पाटावर अक्षरे गिरवायची, मग ताडपत्र, मग केळीचे पान, शेवटी कागद. पत्रे, खतपत्रे, हिशेब आणि कोष्टके यांवर सारा भर; छापील पुस्तक नाही. गुरुजीस काही रोख, काही शिधा, सणावारी वस्त्र. आपल्याकडच्या पंतोजीच्या शाळेतील धुळपाटी, मोडी कित्ता आणि पावकी-निमकीचे पाढे ज्यांनी वाडवडिलांकडून ऐकले आहेत, त्यांना नाटोर फार दूर वाटणार नाही.

तिसरा अहवाल २८ एप्रिल १८३८ चा, आणि तो सर्वांत मोठा. मुर्शिदाबाद, बीरभूम, बरद्वान, दक्षिण बिहार आणि तिरहुत या पाच जिल्ह्यांतून त्याने २,५६७ शाळा आणि ३०,९१५ विद्यार्थी नोंदवले. खेड्यात गोरा मनुष्य दिसताच लोक घाबरून जातात, असा अनुभव आल्यावर त्याने मोजणीचे पुष्कळसे काम देशी सहायकांवर सोपवले. शिक्षकांची जात, विद्यार्थ्यांची जात, वय, वेतन, शिकवण्याचे विषय, सर्व काही त्याने तक्त्यांत मांडले. पाचही जिल्ह्यांत मिळून मुलींच्या शाळा सहा आणि मुली २१४. बरद्वानचा एक तक्ता तर आजही वाचणाऱ्यास थांबवतो. त्या जिल्ह्यातील तेरा मिशन शाळांत अगदी खालच्या मानलेल्या सोळा जातींची मुले होती ८६. आणि त्याच जातींची मुले देशी शाळांत होती ६७४. देशी शाळांची संख्या मिशन शाळांहून कितीतरी अधिक होती हे खरे, आणि म्हणून या दोन आकड्यांवरून देशी समाजाच्या औदार्याचे पोवाडे गाऊ नयेत. तरीही देशी शाळेचे दार या मुलांना सरसकट बंद होते, ही समजूत त्या तक्त्यापुढे टिकत नाही.

अहवालाच्या शेवटी त्याने योजना मांडली. नव्या शाळा वरून लादण्याऐवजी असलेल्या शाळांचाच पाया धरावा. आरंभी थोडे जिल्हे निवडावेत. देशी भाषांत पाठ्यपुस्तके तयार करावीत. जिल्ह्यास परीक्षक नेमावा. जो गुरुजी स्वतः ती पुस्तके शिकून परीक्षा देईल आणि मग विद्यार्थ्यांस परीक्षेस उतरवील त्याला बक्षीस द्यावे. गुरुजींसाठी अध्यापनशाळा काढाव्यात. आणि त्यांच्या निर्वाहासाठी जमिनी लावून द्याव्यात. एकाही कलमात कल्पनेची भरारी नाही. शिक्षण समितीने योजना अव्यवहार्य ठरवली. आधी मोठ्या शहरांतील वरच्या आणि मधल्या वर्गांना शिकवावे, तेथून ज्ञान खाली पाझरेल, हे धोरण ठरून गेलेले होते. २४ नोव्हेंबर १८३९ च्या टिपणाने ऑकलंडने त्यावर शिक्का मारला. ॲडम तोवर हिंदुस्थान सोडून अमेरिकेस गेला होता.

आता आमच्या इलाख्याकडे वळू. १८२३ च्या डिसेंबरातील एल्फिन्स्टनच्या शिक्षणविषयक टिपणानंतर मुंबई सरकारने १८२४ साली कलेक्टरांकडून देशी शाळांची माहिती मागवली. मद्रासेत टॉमस मन्रोने हेच १८२२ साली केले होते, आणि १८२६ च्या त्याच्या टिपणात १२,४९८ शाळा व १,८८,६५० विद्यार्थी असा हिशेब आहे. मुंबईचा १८२९ चा आकडा असा: ४६,८१,७३५ लोकसंख्येत १,७०५ शाळा आणि ३५,१५३ विद्यार्थी, त्यांपैकी सरकारी शाळा अवघ्या पंचवीस. कोणी बाहेरचा मनुष्य नेमला नाही, वेगळा खर्च पडला नाही, कलेक्टरापासून खाली उतरत गेलेल्या हुकुमानेच सारे झाले. या रीतीचा गुण असा की एकाच वेळी सारा इलाखा कागदावर आला. दोष तिच्या रचनेतच होता. सारा वसूल करणाऱ्या अंमलदाराने ‘तुमच्या गावात शाळा किती?’ असे विचारले की गावाने कमी सांगणेच शहाणपणाचे. आणि ओसरीवर बापाकडून किंवा भटजीकडून शिकणारा मुलगा त्या रकान्यात बसतच नाही. ॲडमला नाटोरमध्ये जे दिसले ते आमच्या कलेक्टरांना दिसले नाही, यात त्यांची बुद्धी कमी पडली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना तसे विचारलेच गेले नव्हते.

पाझर सिद्धांताचा निकाल प्रत्यक्ष अनुभवानेच लागला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सर्वसामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी तत्त्वतः मान्य केली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी, रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि खाली काहीही पोहोचत नाही, हे सरकारला सडेतोडपणे सांगितले. ॲडमचे अहवाल रेव्हरंड जेम्स लाँगने १८६८ साली कलकत्त्यास पुन्हा छापले, तेव्हा ते मूळ स्वरूपात मिळणेही कठीण झाले होते.

यानंतरचे प्रकरण वादाचे आहे. २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमधील भाषणात गांधीजींनी, ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थान पूर्वीपेक्षा अधिक निरक्षर झाला, असे विधान केले. त्याला सर फिलिप हार्टोग यांनी पुराव्याचे आव्हान दिले. हार्टोग म्हणजे डाक्का विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि १९२९ साली प्राथमिक शिक्षणातील गळतीचा प्रश्न मांडणाऱ्या समितीचे अध्यक्ष. उथळ मनुष्य नव्हे. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी ॲडमच्या लाख शाळा ही दंतकथा ठरवली. त्याच वर्षी रा. वि. परुळेकर यांचा ‘लिटरसी इन इंडिया’ हा ग्रंथ निघाला. परुळेकरांचा मुद्दा साधा होता, आणि म्हणूनच बिनतोड. ॲडमने ‘शाळा’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला? जेथे मुलाला शिकवले जाते ते स्थान, घर धरून, असा तो अर्थ घेतला तर नाटोरमधील २७ शाळा आणि १,५८८ कुटुंबे मिळून चारशे माणसांमागे एक या प्रमाणाहून संख्या कितीतरी अधिक भरते. इमारत, फळा आणि हजेरीपट असलेली संस्था असा आजचा अर्थ घेतला तर लाख हा आकडा हास्यास्पद होतो. दोघेही एकाच तक्त्याकडे पाहत होते. पुढे १९४५ साली परुळेकरांनी मुंबई इलाख्यातील १८२० ते १८३० या काळाच्या देशी शिक्षणाचे मूळ कागद संपादून प्रसिद्ध केले आणि तेथेही घरगुती शिक्षण गाळल्यामुळे आकडा उणा पडला, हे दाखवले.

या वादाचा सविस्तर परामर्श सय्यद नुरुल्ला आणि जे. पी. नाईक यांनी आपल्या हिंदी शिक्षणाच्या इतिहासात घेतला आहे. हे नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. १९६४ साली डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा त्याचे सदस्य-सचिव तेच होते. आयोगात इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि जपान येथील तज्ज्ञही बसले होते. ॲडमप्रमाणे एकट्याने हिंडण्याची वेळ कोणावर आली नाही, आणि अहवाल एका माणसाच्या नावावर पडून राहण्याचीही भीती नव्हती. १९६६ च्या त्या अहवालाने राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग १९८५-८६ पर्यंत शिक्षणावर खर्च व्हावा, असे सुचवले. शिफारशींचे पुढे काय झाले याचा झाडा नाईकांनी स्वतःच घेतला. तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९८२ साली प्रसिद्ध झाला. सहा टक्क्यांचे उद्दिष्ट तोवर दूरच होते, आणि ठरलेले १९८५-८६ साल उजाडले तेव्हाही ते गाठले गेले नव्हते.