राम फडके

७. राम फडके : गायक-संगीतकार सुधीर फडके ऊर्फ बाबूजी (२५ जुलै १९१९, कोल्हापूर – २९ जुलै २००२, मुंबई). रामचंद्र विनायक हे मूळ नाव; ‘सुधीर’ नंतरचे. ही टीप ज्या मजकुरावर आहे, त्याच्या वारणानगरकर लेखकाने जुन्या कोल्हापुरी आपुलकीने ‘राम’ हे घरचे नाव लिहिले आहे. हे कोणी निराळे फडके नव्हेत. गाण्याचे धडे त्यांनी कोल्हापुरातच वामनराव पाध्ये यांच्याकडे घेतले. त्या मजकुरात पुढच्या ओळीतले ‘रामायण’ म्हणजे कवी गदिमांचे ‘गीतरामायण’ : पुणे आकाशवाणी, १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, ५६ गीते, चाली फडक्यांच्या. ‘जगाच्या पाठीवर’ हे त्यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले, ही मोठीच हानी; उत्तरायुष्याचे तपशील म्हणून इतरत्र ताडून पाहावे लागतात.