पोलिश लोकगीते व पोल्का गीते : संहितेचा शोध आणि भाषांतराचा प्रश्न – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

लोकगीत हे समाजाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानले जाते. राजकीय कागदपत्रांत ज्यांचा उल्लेख येत नाही, अशा शेतकरी, मजूर, स्त्रिया व स्थलांतरित यांचे जीवन लोकगीतांतून व्यक्त होते. मात्र लोकगीताला एकच एक लेखक नसतो आणि त्याची एकच एक अधिकृत संहिताही नसते. त्यामुळे इतिहासाचे साधन म्हणून त्याचा वापर करण्यापूर्वी ‘हे शब्द कोठून आले, कोणी नोंदविले आणि कोणत्या अवस्थेत आपल्यापर्यंत पोहोचले’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. पोलंडच्या लोकगीतांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे. हा देश १७९५ ते १९१८ या काळात युरोपच्या नकाशावर स्वतंत्र राष्ट्र म्हणून अस्तित्वात नव्हता. त्याचे लक्षावधी लोक परदेशी गेले आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचे ग्रंथ व ध्वनिसंग्रह मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. परदेशस्थ पोलिश कुटुंबांतील तिसऱ्या-चौथ्या पिढीला आजी-आजोबांच्या गीतांची चाल आठवते, पण शब्द कळत नाहीत, ही स्थिती या इतिहासाचीच परिणती होय. प्रस्तुत लेखात पोलिश लोकगीतांच्या व पोल्का गीतांच्या संहिता कशा निर्माण झाल्या, कशा बदलल्या आणि त्यांच्या भाषांतरात कोणत्या अडचणी येतात, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

१. राज्य नसलेल्या राष्ट्राचे गीतसंकलन :

१७७२, १७९३ व १७९५ अशा तीन फाळण्यांद्वारे रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या सत्तांनी पोलंड आपसांत वाटून घेतला. राज्य गेल्यानंतर राष्ट्राची ओळख भाषेत व लोकपरंपरेत शोधण्याची वृत्ती सुशिक्षित वर्गात बळावली. हुगो कोवोंताय या विचारवंताने ऑस्ट्रियाच्या कैदेत असताना १८०२ मध्ये लिहिलेल्या पत्रात सामान्य जनतेच्या चालीरीती, बोली, पोशाख व गाणी यांचा पद्धतशीर अभ्यास व्हावा, असा विचार मांडला. झोरियान दोवेंगा-खोदाकोव्स्की याने खेडोपाडी पायी फिरून गाणी गोळा केली आणि १८१८ मध्ये ख्रिस्तपूर्व स्लाव्ह संस्कृतीविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला.

१८३३ मध्ये ल्वूफ येथे वात्स्वाव झालेस्की याने ‘वात्स्वाव झ ओलेस्का’ या नावाने गॅलिशिया प्रांतातील पोलिश व रुथेनियन गीतांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील चालींना कारोल लिपिन्स्की या संगीतकाराने पियानोची साथ जोडली होती. या संग्रहात दोन भाषांची गीते एकत्र छापलेली असून रुथेनियन गीतेही पोलिश लिपीत दिली आहेत. त्यामुळे ‘पोलिश लोकगीत’ म्हणून हाती येणारा पाठ प्रत्यक्षात आजच्या युक्रेनियन भाषेचा पूर्वज असू शकतो. गीताची भाषा निश्चित करणे ही संहिताशोधाची पहिली पायरी ठरते, ती यामुळेच.

२. ऑस्कर कोलबेर्ग व पाठभेदांची नोंद :

पोलिश लोकगीतांच्या संकलनात ऑस्कर कोलबेर्ग (१८१४–१८९०) याचे कार्य सर्वांत मोठे आहे. प्शिसुखा येथे जन्मलेल्या कोलबेर्गचे वडील वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक होते. संगीताचे शिक्षण घेतलेल्या या संशोधकाने उपजीविकेसाठी अनेक वर्षे रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि सवड मिळेल तेव्हा खेड्यांत जाऊन गाणी उतरवून घेतली. १८४२ मध्ये पोझनान येथे निघालेल्या पहिल्या संग्रहात त्याने लोकगीतांना पियानोची साथ जोडली होती. तथापि १८५७ च्या ‘पिएश्नी लुदू पोल्स्किएगो’ (पोलिश लोकांची गीते) या ग्रंथात ही पद्धत सोडून देऊन त्याने गायकाने म्हटलेली मूळ चाल साथीविना छापली. पुढे ‘लूद’ (लोक) या मालेत प्रदेशवार खंड निघू लागले. त्यांत गीतांबरोबरच लग्नविधी, सण, कथा, म्हणी व बोली यांचीही नोंद आहे. त्याच्या हयातीत तीसहून अधिक खंड प्रसिद्ध झाले. उरलेल्या हस्तलिखितांसह समग्र साहित्याचे प्रकाशन १९६१ पासून सुरू झाले, तर त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त पोलंडच्या संसदेने २०१४ हे वर्ष कोलबेर्ग वर्ष म्हणून घोषित केले.

कोलबेर्गच्या पद्धतीचे महत्त्व पाठभेदांच्या नोंदीत आहे. घोड्यांना पाणी पाजणारा याश आणि पाणी भरणारी काशा यांचे कथागीत हे याचे चांगले उदाहरण होय. याश तिला घरातील सोने-चांदी घेऊन आपल्याबरोबर येण्यास सांगतो आणि पुढे तिला पाण्यात ढकलून देतो. या एकाच गीताचे निरनिराळ्या गावांतील अनेक पाठ कोलबेर्गने शेजारी शेजारी दिले आहेत. त्यांत कडव्यांचा क्रम, तपशील व शेवट बदलत जातो. यांपैकी ‘खरे’ गीत कोणते, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. कोणत्या गावचा व कोणत्या काळचा पाठ, एवढेच विचारता येते. आजचा शोधकर्ता बहुधा एकाच ‘बरोबर’ शब्दांच्या अपेक्षेने शोध घेतो आणि आठवणीतले शब्द छापील शब्दांशी जुळले नाहीत की आठवण चुकीची मानतो. वस्तुतः ती आठवण हा आणखी एक पाठ असू शकतो.

याउलट, लोकगीत मानली गेलेली काही गीते ज्ञात कवींची आहेत. डोंगर सोडून पोटासाठी परमुलखात जाणाऱ्या गुराल माणसाला उद्देशून असलेले अत्यंत लोकप्रिय गीत मिखाव बावुत्स्की या लेखकाच्या, १८६६ मध्ये तुरुंगात असताना लिहिलेल्या कवितेवरून आले आहे. अशा गीतांची मूळ संहिता लोकगीतांच्या खंडांपेक्षा कवीच्या साहित्यात शोधणे इष्ट होय.

३. ध्वनिमुद्रण, विनाश व पुनर्संकलन :

लिखित नोंदीत उच्चार व गायनशैली यांची पूर्ण कल्पना येत नाही. ही उणीव ध्वनिमुद्रणाने भरून निघू लागली. १९३० मध्ये पोझनान येथे वुत्स्यान कामिएन्स्की याने प्रादेशिक ध्वनिसंग्रह उभारला. त्यानंतर काही वर्षांतच वॉर्सा येथील राष्ट्रीय ग्रंथालयात युलियान पुलिकोव्स्की याच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती ध्वनिसंग्रह सुरू झाला. हे दोन्ही संग्रह दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले आणि स्वतः पुलिकोव्स्की १९४४ च्या वॉर्सा उठावात मरण पावला. कुर्पिए या जंगलप्रदेशातील गीतांचा संग्राहक धर्मगुरू व्वादिस्वाव स्किएर्कोव्स्की हाही नाझी छळछावणीत मृत्यू पावला. त्याने छापून ठेवलेली गीते मात्र वाचली. कारोल शिमानोव्स्की या संगीतकाराने त्यांतील काहींना आपल्या रचनांत स्थान दिले होते.

युद्धानंतर यादविगा व मारियान सोबिएस्की या दांपत्याने हे काम पुन्हा शून्यातून उभे केले. १९५० ते १९५४ या काळातील देशव्यापी संकलन मोहिमेत चाळीस हजारांहून अधिक गीते व वाद्यधून मुद्रित करण्यात आल्या. तोपर्यंत सीमा बदलल्या होत्या, पूर्वेकडील लोकसंख्या पश्चिमेकडे हलविली गेली होती आणि ज्यू समाजाचा संहार झाला होता. त्यामुळे युद्धपूर्व व युद्धोत्तर संग्रह एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

याच काळात राज्यसंस्थेने लोकगीताला रंगमंचीय रूप दिले. १९४८ मध्ये तादेउश सिगेतिन्स्की व मिरा झिमिन्स्का यांनी ‘माझोव्शे’ आणि १९५३ मध्ये स्तानिस्वाव हादिना याने ‘श्लोंस्क’ हे गायन-नृत्य समूह स्थापन केले. त्यांच्या जगभरातील दौऱ्यांमुळे व ध्वनिमुद्रिकांमुळे परदेशात माहीत असलेले पोलिश लोकगीत पुष्कळदा या समूहांनी संस्कारित केलेले असते. बोलीतील खडबडीत शब्द गाळणे, कडवी कमी करणे व समूहगायनासाठी चाल बदलणे हे संस्कार त्यात झालेले असतात. ते कमअस्सल ठरविण्याचे कारण नाही. तथापि ग्रामीण पाठ व रंगमंचीय पाठ यांची गल्लत करणे इतिहासदृष्ट्या योग्य नव्हे.

४. पोल्का : नाव, उगम व स्थलांतर :

पोल्का हे नृत्य पोलंडचे आहे, असा समज नावामुळे सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः ते एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रदेशात उदयास आले आणि पुढील दशकात पॅरिसमार्गे युरोपभर पसरले. चेक व पोलिश या दोन्ही भाषांत ‘पोल्का’ या शब्दाचा अर्थ ‘पोलिश स्त्री’ असा होतो. काहींच्या मते मात्र हे नाव ‘अर्धे पाऊल’ या अर्थाच्या चेक शब्दावरून आले. पोलंडची राष्ट्रीय नृत्ये म्हणून पोलोनेझ, माझूर, कुयावियाक, ओबेरेक व क्राकोवियाक यांची गणना होते. त्यांपैकी पोलोनेझचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत २०२३ मध्ये झाला.

पोल्का ही पोलिश लोकांची ओळख बनली ती प्रामुख्याने अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत लाखो पोलिश शेतकरी शिकागो, बफलो, डेट्रॉइट अशा औद्योगिक शहरांत गेले. १९२० च्या दशकात अमेरिकन ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी स्थलांतरितांच्या भाषांत मुद्रिका काढण्यास सुरुवात केली आणि गावाकडील वादकांचे वादन तबकड्यांवर आले. रिचर्ड स्पॉट्सवुड यांची १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली सात खंडांची सूची १८९३ ते १९४२ या काळातील अशा मुद्रिकांची नोंद देते. विशिष्ट गीत कोणी व केव्हा गायिले हे ठरविण्यासाठी ती मूलभूत साधन आहे.

युद्धानंतरच्या पिढीत शिकागोचा वॉल्टर यागिएलो ऊर्फ ‘लिल वॉली’ (१९३०–२००६) याने स्थलांतरितांकडून ऐकून शिकलेली गीते पोलिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लोकप्रिय केली. हळूहळू पोलिश कडवी कमी होत गेली आणि गीतात एखाददुसरा शब्दच उरला. बहुधा तो खाद्यपदार्थाचा, आप्ताचा किंवा मद्यपानाच्या शुभेच्छेचा असे. अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांत पोल्कासाठी १९८६ मध्ये सुरू झालेला स्वतंत्र विभाग २००९ मध्ये बंद करण्यात आला.

५. भाषांतराच्या अडचणी :

पोल्का गीतांच्या बाबतीत ‘भाषांतर’ या शब्दाचाच अर्थ तपासावा लागतो. ‘बीअर बॅरल पोल्का’ ही धून यारोमीर वेयवोदा या चेक संगीतकाराने १९२७ मध्ये रचली. तिचे १९३४ चे चेक शब्द वाया गेलेल्या प्रेमाची खंत व्यक्त करतात, तर १९३९ चे इंग्रजी शब्द बीअरचे पिंप व आनंदोत्सव यांविषयी आहेत. त्याच चालीवर नवे शब्द बसविण्याच्या या प्रथेमुळे इंग्रजी गीताला मूळ गीताचा अनुवाद समजणे ही मोठी चूक ठरते.

लोकगीतांच्या अनुवादात पुढील अडचणी प्रामुख्याने जाणवतात :

(अ) बोली – माझोव्शे, लहान पोलंड इत्यादी प्रदेशांतील बोलींत ‘श’ व ‘च’ सारखे वर्ण अनुक्रमे ‘स’ व ‘त्स’ असे उच्चारले जातात. ऐकून लिहिलेला शब्द त्यामुळे प्रमाण कोशात सापडत नाही.

(आ) स्थलांतरितांची भाषा – अमेरिकेतील पोलिश बोलीत मोटारीसाठी इंग्रजीवरून ‘कारा’ हा शब्द रूढ झाला. प्रमाण पोलिशमध्ये ‘कारा’ म्हणजे शिक्षा. केवळ कोशावर विसंबणारा अनुवादक येथे हमखास फसतो.

(इ) प्रतीके – ‘व्हियानेक’ म्हणजे फुलापानांचा मुकुट. परंतु गीतात तो कौमार्याचे प्रतीक असतो. मुकुट पाण्यात वाहून गेला, या साध्या विधानात मुलीच्या आयुष्यातील मोठी घटना सूचित होते. लग्नातील ‘ओचेपिनी’ या विधीत वधूच्या डोक्यावरील मुकुट काढून विवाहितेची टोपी घालतात आणि त्या वेळी हॉप वेलीचे प्राचीन गीत गातात. हा विधी ठाऊक नसेल तर ते गीत निव्वळ वनस्पतीचे वर्णन वाटते.

(ई) स्थलवाचक शब्द – ‘दुनाय’ हे डॅन्यूब नदीचे नाव असले, तरी लोकगीतांत ते अनेकदा कोणत्याही खोल पाण्यासाठी येते. याश व काशा यांच्या कथागीतात डॅन्यूब शोधणे म्हणून व्यर्थ आहे.

(उ) लघुत्वदर्शक रूपे – कोकिळेसाठी ‘कुकूव्का’ हा शब्द असताना गीतात ‘कुकुवेच्का’ येतो. या रूपातील जिव्हाळा ‘लहान कोकिळा’ या शब्दशः अनुवादात हरवतो.

६. वळिवडे : महाराष्ट्राशी आलेला संबंध :

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात येतो. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या नागरिकांपैकी अनेकजण १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे ५,००० लोकांना, मुख्यतः स्त्रिया व मुलांना, १९४३ पासून कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत आश्रय मिळाला. तेथे पोलिश शाळा, चर्च, बालवीर पथके व सांस्कृतिक कार्यक्रम चालत. घरदार व ग्रंथ मागे राहिलेल्या या समाजाजवळ गीतांचा मोठा साठा स्मरणातच होता आणि मुलांची भाषा टिकविण्याचे ते एक साधन होते. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि हे लोक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका व पोलंड येथे विखुरले. पुढे त्यांच्या संघटनेने आपल्या आठवणी प्रथम पोलिशमध्ये व नंतर इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. पुढच्या पिढीला मूळ भाषा वाचता येत नसल्याने अनुवादाची गरज भासते, हीच गोष्ट यातून दिसते. याच काळात वांदा दिनोव्स्का ऊर्फ उमादेवी यांनी १९४४ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्यासमवेत पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू करून भारतीय साहित्य पोलिशमध्ये नेले, ही बाबही उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष :

१. पोलिश लोकगीताची एकच मूळ संहिता नसते. ग्रामीण पाठ, छापील संग्रह, रंगमंचीय रूप व स्थलांतरितांची ध्वनिमुद्रिका या चार अवस्था वेगळ्या असून कोणत्या अवस्थेचे शब्द हवे आहेत, हे आधी ठरविणे आवश्यक आहे.

२. पोल्का हा प्रकार मूळचा चेक असून त्याला पोलिश अस्मिता मुख्यतः अमेरिकेतील स्थलांतरितांनी दिली. त्यातील इंग्रजी शब्द हे पुष्कळदा अनुवाद नसून नवी रचना असते.

३. अनुवादासाठी शब्दकोशाबरोबरच बोली, विधी व स्थलांतराचा इतिहास ज्ञात असणे गरजेचे आहे. अनुवादकाने कोणता पाठ वापरला याची नोंद देणे हे त्याचे कर्तव्य होय.

४. वॉर्सा व पोझनान येथील ध्वनिसंग्रहांच्या विनाशानंतर कुटुंबांच्या स्मरणातील गीतांना दुय्यम साधन मानता येणार नाही. वृद्ध गायकाच्या तोंडचा अपुरा, ‘चुकीचा’ वाटणारा पाठही छापील पाठाशी जुळवून न घेता जसाच्या तसा, गाव व पिढीच्या नोंदीसह उतरवून ठेवला पाहिजे. चाल पुढच्या पिढीच्या कानांत राहते. परंतु शब्द एकदा गेले की त्यांच्याबरोबर त्यांतील समाजजीवनाचा पुरावाही कायमचा जातो.