छर्ऱ्याची गोष्ट : हरताळापासून थर्मोकपलपर्यंत

उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान किंवा मराठी शिकवताना काही शब्द हमखास गोंधळ घालतात. ‘शिसे’ हा त्यातलाच एक. मराठी पुस्तकातले ‘शिसे’ मुलांच्या कानाला ‘शीशा’ वाटते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर काच येते, आरसा येतो. शिशाला उर्दूत म्हणतात ‘सीसा’. खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या माणसांना ‘सीसा पिलाई हुई दीवार’ म्हणण्याची उर्दूची जुनी रीत आहे. मराठी मुलखात ही नुसती उपमा राहिलेली नाही. १६६४ साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा पायाचे चिरे शिसे ओतून बसवले असे सांगितले जाते. दगडाला दगड जोडणारा, लवकर वितळणारा आणि जड असा हा धातू.

याच धातूचा बारीक गोल दाणा म्हणजे छर्रा. हा शब्द मात्र उर्दूत आणि मराठीत सारखाच आहे. सीसा, शिसे, शीशा यांच्या गोंधळातून सुटलेला. बंदुकीची एकेरी गोळी साच्यात ओतून बनवता येते. छर्ऱ्याचे तसे नाही. बारीक छर्ऱ्याच्या एका काडतुसात तीनशेच्या वर दाणे असतात. एकेक दाणा साच्यात ओतत बसले तर दिवस सरेल आणि काडतूस भरणार नाही. म्हणून माणसाने साचाच सोडून दिला आणि वितळलेल्या धातूच्या थेंबाला स्वतःहून गोल व्हायला लावले. या एका युक्तीचा इतिहास साडेतीनशे वर्षांचा आहे. राजपुत्राच्या प्रयोगापासून तो सुरू होतो आणि आज अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या गॅरेजपर्यंत येऊन पोहोचतो.

सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १६६५ मध्ये, लंडनमध्ये रॉबर्ट हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ निघाला. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या उवा-पिसवांच्या चित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे. त्यात छर्रे करण्याची एक कृतीही आहे. ती हूकला मिळाली राजा दुसरा चार्ल्स याचा आतेभाऊ लागणाऱ्या प्रिन्स रुपर्टकडून. रुपर्टचे नाव आणखी एका थेंबाला चिकटलेले आहे. वितळलेली काच पाण्यात टाकली की शेपटीवाला थेंब तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, पण शेपूट मोडली की सगळ्याचा भुगा होतो. म्हणजे शीशा आणि सीसा, दोन्हींच्या थेंबांशी या एकाच माणसाचे नाते. फरक एवढाच की काचेच्या थेंबाला शेपूट हवी आणि शिशाच्या थेंबाला ती नको.

शेपूट घालवायची कशी? रुपर्टच्या कृतीत वितळलेल्या शिशात ‘ऑरिपिगमेंटम’ टाकायला सांगितले आहे. नाव लॅटिन असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. ती म्हणजे हरताळ. जुन्या पोथ्यांतला चुकलेला मजकूर झाकण्यासाठी वापरत तीच पिवळी पूड, जिच्यावरून मराठीत ‘हरताळ फासणे’ आले. उर्दू-फारसीत हिला ‘ज़रनीख़’ म्हणतात. ‘ज़र’ म्हणजे सोने, आणि रंग सोन्यासारखा. हाच शब्द फिरत फिरत ग्रीकमध्ये गेला आणि तिथून युरोपी भाषांत ‘आर्सेनिक’ झाला. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. या आर्सेनिकचा अंश शिशात मिसळला की थेंब लांबट न राहता गोल होतो. भोके पाडलेल्या तांब्याच्या थाळीत पेटते निखारे ठेवायचे, म्हणजे शिसे गोठत नाही. थाळी पाण्याच्या जरा वर धरायची आणि वरून शिसे ओतायचे. उष्णता बरोबर आहे की नाही याची परीक्षाही साधी होती. आधी दोन-चार थेंब पाण्यात टाकून पाहायचे. ते बिनशेपटीचे गोल पडले तर हरताळ पुरेशी आहे आणि उष्णताही नेमकी आहे. तापमापक नव्हता. पडलेला थेंब हाच तापमापक.

या रीतीत एक उणीव होती. थेंब दोन-चार बोटे पडून लगेच पाण्यात विझत असे. गोल व्हायला त्याला फुरसतच मिळत नसे, म्हणून दाणे पुष्कळदा चपटे किंवा खळगा पडलेले निघत. हा पेच सोडवला ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने. तो नळकाम करणारा कारागीर. त्या काळी नळ शिशाचे असत, त्यामुळे शिसे त्याच्या रोजच्या हाताखालचे. त्याला पावसाचे स्वप्न पडले आणि त्यातून युक्ती सुचली, अशी दंतकथा आहे. युक्ती खरोखर पावसाचीच होती. थेंबाला उंचावरून पडू द्यायचे. हवेतून पडताना पृष्ठताणामुळे तो गोल होतो आणि गोल असतानाच घट्ट होतो. खालचे पाणी फक्त झेलायचे काम करते. १७८२ मध्ये वॉट्सने याचे पेटंट घेतले. त्यासाठी त्याने रेडक्लिफ हिलवरच्या आपल्या राहत्या घरावर मनोरा चढवला आणि घराखाली विहिरीसारखा खड्डा खणला. वर उंची आणि खाली खोली, दोन्ही मिळून थेंबाला हवा तेवढा प्रवास मिळाला. पुढे त्याने बराच पैसा मिळवला आणि तो क्लिफ्टनच्या टेकडीवर इमारती बांधण्यात घातला. उतार धरून ठेवणारी भिंत उभारतानाच पैसा आटला आणि वॉट्सचे दिवाळे निघाले. त्याचे ते घर १९६८ मध्ये रस्तारुंदीत पाडले गेले.

वॉट्सची युक्ती मात्र जगभर पसरली. इंग्लंडमध्ये चेस्टरला १७९९ मध्ये १६८ फुटांचा मनोरा उभा राहिला. अमेरिकेत बाल्टिमोरला १८२८ मध्ये २३४ फुटांचा झाला आणि काही वर्षे तो त्या देशातली सर्वांत उंच वास्तू होता. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला एक जुना मनोरा आज चक्क एका मॉलच्या काचेच्या घुमटाखाली उभा आहे. सगळीकडे काम एकाच रीतीचे. वरच्या मजल्यावर भट्टी, तिथून चाळणीतून धातूचा पाऊस आणि तळाशी पाण्याची टाकी. थंड झालेले दाणे उतरत्या फळीवरून सोडत. गोल दाणा वेगाने घरंगळत जाऊन पुढची फट ओलांडे. वेडावाकडा रखडे आणि फटीत पडे. तो पुन्हा भट्टीत. शेवटी दाण्यांना ग्रॅफाइटची झिलई देत. शिसपेन्सिलीत शिसे नसून असते तेच हे ग्रॅफाइट.

या इतिहासातला एक माणूस मला वॉट्सइतकाच महत्त्वाचा वाटतो. १८०७ मध्ये अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली आणि इंग्लंडहून येणारा छर्रा बंद झाला. तेव्हा फिलाडेल्फियात थॉमस स्पार्क्स आणि जॉन बिशप या भागीदारांनी १८०८ मध्ये १४२ फुटांचा मनोरा बांधला. शिकाऱ्यांना छर्रा विकायचा एवढाच हेतू. बिशप हा क्वेकर पंथाचा, युद्ध निषिद्ध मानणारा. १८१२ मध्ये इंग्लंडशी युद्ध पेटले आणि मनोऱ्यातला माल सैन्याकडे जाऊ लागला. मागणी वाढली, नफा वाढला. नेमक्या त्या वेळी बिशपने आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि तो बाहेर पडला. युद्ध त्याने थांबवले नाही, थांबवणे त्याच्या हातातही नव्हते. आपला हात काढून घेणे हातात होते, तेवढे त्याने केले. मनोरा आजही तिथे उभा आहे, शेजारी मुलांचे मैदान आहे.

विसाव्या शतकात उंचीची गरजच संपली. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लुई ब्लाइमाइस्टरला एका नव्या रीतीचे पेटंट मिळाले. थेंब बारीक छिद्रातून जेमतेम एक इंच पडतो, तोही गरम द्रवात. तिथे तो उतारावरून घरंगळतो आणि मग द्रवातच आणखी सुमारे तीन फूट खाली जातो. द्रव गरम असल्याने तो एकदम गोठत नाही. घरंगळता घरंगळता गोल होतो. रुपर्टला नडलेला पेच दीडशे फुटांच्या मनोऱ्याशिवाय सुटला. मनोरा टेबलावर मावला.

आणि टेबलावर मावला म्हणून घरात आला. अमेरिका-ऑस्ट्रेलियात काडतुसे घरी भरण्याचा छंद जुना आहे. तिथल्या हौशी लोकांनी या रीतीची यंत्रे घरीच जुळवली. विजेवर तापणारे पोलादी भांडे, त्याच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास छिद्र असलेल्या तोट्यांची रांग, खाली छोटा उतार आणि द्रवाची टाकी. अडचण होती ती उष्णतेची. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यापेक्षा फार वर न्यावे तर धार लागते आणि वर राखेसारखी साय धरते. जरा खाली येऊ द्यावे तर तोट्या गोठतात. साधा थर्मोस्टॅट इस्त्रीसारखा असतो. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. त्यामुळे तापमान सतत वर-खाली हेलकावते आणि दाणे लहान-मोठे होतात.

यावरचा उपाय जहाजावरून आला. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाज आपोआप सरळ कसे ठेवावे याचे गणित मांडले. कसलेला सुकाणू धरणारा तीन गोष्टी पाहतो. आत्ता किती चुकलो, आतापर्यंत किती चुकत आलो आणि चूक वाढते आहे की ओसरते आहे. या तिन्हींच्या बेरजेने तो चाक वळवतो. हेच गणित आज हातभर नव्हे, तळहातावर मावणाऱ्या डब्यात बसते. त्याला पीआयडी नियंत्रक म्हणतात. धातूत बुडवलेले थर्मोकपल त्याला तापमान कळवते. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे सांधे कमी-जास्त तापले की वीज निर्माण होते, हे झेबेकने १८२१ मध्येच दाखवले होते. दूध उतू जायच्या आधीच आच मंद करणारी आई जे सवयीने करते, ते हा डबा आकड्यांनी करतो. भट्टीवाल्याने वर्षानुवर्षे कमावलेली नजर आता पडद्यावर हिरव्या आकड्यांत दिसते.

कारागिरीचा हा प्रवास मन प्रसन्न करतो. पण त्या दाण्याचा प्रवास टाकीत संपत नाही. झाडलेल्या छर्ऱ्यातले थोडेच शिकारीला लागतात, बाकीचे तळ्यात आणि चिखलात पडतात. पाणपक्ष्यांना दात नसतात. दाणे दळण्यासाठी ते खडे गिळतात आणि ते पेषणीत साठतात. खडा समजून छर्रा गिळला की तीच पेषणी शिसे झिजवून रक्तात उतरवते. अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेलने याकडे १८९४ मध्येच लक्ष वेधले. तिथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा बंद व्हायला १९९१ उजाडले. डेन्मार्कने तो १९९६ मध्ये पूर्ण बंद केला. युरोपीय संघात पाणथळ जागी त्याच्यावर २०२३ पासून बंदी आली. पक्ष्याच्या रक्तातले शिसे कळायला माणसाला शंभर वर्षे लागली असे नाही. कळल्यावर हात काढून घ्यायला लागली.

आपला या गोष्टीशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे दारूगोळा बनवायला १९५९ च्या कायद्याने परवाना लागतो आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा छंद उरला नाही. पण मुंबईच्या सलीम अलींचे सारे काम आठवावे. हैदराबाद संस्थानच्या पाहणीसारख्या मोहिमांत पक्ष्यांचे नमुने बंदुकीनेच गोळा केले जात. कातडे फाटू नये म्हणून असे अभ्यासक अगदी धुळीसारखा बारीक छर्रा वापरत. तोच छर्रा, पण किती झाडायचा आणि कशासाठी, याचा हिशेब ठेवणारा हात वेगळा. त्या नमुन्यांतून आपल्याला पक्षी कळले आणि पुढे ते वाचवण्याची भाषाही मिळाली.

शिसे आपल्या घरातही आहे. छर्ऱ्याला कडकपणा यावा म्हणून अँटिमनी मिसळतात. जुना अस्सल सुरमा याच अँटिमनीच्या खनिजाचा असे. आज सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज असते, आणि ते आपण तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत घालतो. मुलांच्या रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरगुती छर्रायंत्राचेही तसेच. नेमक्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही, पण वरच्या सायीची पूड हाताला लागते, कपड्यांना लागते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. थर्मोकपलला ती दिसत नाही.

मनोऱ्याच्या काळात भट्टीवाला एक, मालक दुसरा, विकणारा तिसरा आणि बंदूक झाडणारा चौथा. दोष कोणाचा हे प्रत्येकाला दुसऱ्यावर ढकलता येत असे. तरीही जॉन बिशपने तसे केले नाही. टेबलावरच्या यंत्रापाशी बसलेल्या माणसाला तर ती सोयही नाही. भट्टीवाला, मालक आणि झाडणारा तोच आहे. आपला हिस्सा विकून बाहेर पडायचे म्हटले, तर विकायला दुसरा भागीदार नाही.